परवाना एकाचा, जोखीम अख्ख्या गावाची

पोस्ट मोठी आहे, पण विषय आपल्या लेकराबाळांचा आहे, म्हणून सवडीने का होईना पण पूर्ण वाचा.

सध्या शिरूरच्या बेट भागात कुठंही जा, पारावर, दूध डेअरीवर, ऊसतोडीच्या फडात, एक मागणी हमखास ऐकू येते. "आम्हाला बंदुकीचे परवाने द्या, बिबट्याचं आम्ही बघतो." आता दौंडकडूनही तोच सूर यायला लागलाय. मला रोज कुणीतरी म्हणतं, "भाऊ, जरा बातमी लावा की."

या मागणीमागचा राग खोटा नाही, हे आधीच सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये पिंपरखेडला पाच वर्षांची मुलगी बिबट्याने नेली. दहा दिवसांत जांबूतला एक वृद्ध महिला गेली. २ नोव्हेंबरला पुन्हा पिंपरखेडलाच तेरा वर्षांचा मुलगा गेला. बावीस दिवसांत तीन माणसं. त्यानंतर लोक पुणे-नाशिक महामार्गावर उतरले, रस्ता तासन् तास बंद राहिला. ज्याच्या घरातलं लेकरू गेलं त्याला शांत राहा म्हणायचा हक्क कुणालाच नाही, मलाही नाही.

पण मागणी काय करायची, हे रागाने नाही ठरवायचं. म्हणून तो बिबट्या शेवटी कसा मारला गेला ते आठवा. वरिष्ठ वनाधिकाऱ्यांचा आदेश आला. सराईत नेमबाज आले. अंधारात अंगाची ऊब टिपणारा ड्रोन उडवला. आधी बेशुद्ध करायचा डार्ट मारला, तो चुकला. जनावर उलटून अंगावर आलं, तेव्हा गोळी घातली. ज्यांचं हे कामच आहे, ज्यांच्याकडे सगळी साधनं होती, त्यांचा पहिला नेम चुकला.

आता आपल्या शेतकऱ्याचा विचार करा. रात्री दोन वाजता लाईट आली म्हणून मोटार चालू करायला निघालेला माणूस. एका हातात बॅटरी, एका हातात बंदूक, समोर दहा फूट ऊस. पाचट वाजलं. पलीकडे बिबट्या आहे, का शेजारचा पाणी धरतोय, का ऊसतोड मजुराची बाई पोराला घेऊन बाहेर आलीय, हे त्याला कसं कळणार? पालघर जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीलाच शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांनी रानडुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली. माणूस जिवानिशी गेला. त्यांचं एकमेकांशी वैर नव्हतं. अंधार होता, भीती होती आणि हातात बंदूक होती.

बरं, कायदा काय म्हणतो? शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्यात पीक राखण्यासाठी परवान्याची सोय आहेच, पण ती ठासणीच्या बंदुकीची. स्वसंरक्षणासाठी लांब नळीची बंदूकही त्यात बसते. पण "परवाना द्या" असं म्हणताना आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यासमोर ठासणीची बंदूक असते का? मनावर हात ठेवून सांगा. डोळ्यासमोर असतं कमरेला लावायचं पिस्तूल. बिबट्याच्या नावाने हा दरवाजा एकदा सताड उघडला की रांगेत पहिला उभा राहणारा माणूस पिंपरखेडचा अल्पभूधारक नसेल. तो असेल एमआयडीसीतल्या भंगाराच्या ठेक्यावर नजर असलेला, वाळूत पैसा केलेला, प्लॉटिंगच्या वादात अडकलेला. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगाव, कुरकुंभ या पट्ट्यात पैसा कुठून आला आणि कुणाकडे आला हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तिथं बंदूक जीव वाचवायला कमी आणि लग्नात शर्ट वर करून दाखवायला जास्त लागते.

आपल्या दोन तालुक्यांचाच गेल्या काही वर्षांचा हिशोब मांडू. सगळ्या घटना छापून आलेल्या आहेत.

जानेवारी २०१८, दौंड. राज्य राखीव पोलीस दलातल्या एकाने पैशाच्या वादातून भरदिवसा गोळ्या झाडल्या. तीन जण गेले. शस्त्र कसं हाताळायचं याचं सरकारी प्रशिक्षण घेतलेला माणूस होता तो.

ऑक्टोबर २०२१, पिंपरखेड. होय, हेच पिंपरखेड. भरदुपारी बँकेत पिस्तुलं घेऊन दरोडेखोर घुसले आणि रोकड, सोनं घेऊन गेले. लोकांनी मोडून-तोडून तारण ठेवलेलं सोनं होतं ते.

जून २०२२, शिरूर. पोटगीचा दावा चाललेला, तारखेला आलेल्या बायकोवर आणि सासूवर माजी सैनिक असलेल्या नवऱ्याने न्यायालयाच्या आवारात गोळ्या झाडल्या. बायको गेली. न्याय मागायला आलेली बाई न्यायालयाच्या दारात मेली.

जुलै २०२५, चौफुला, तालुका दौंड. कला केंद्रात गोळीबार. आधी सगळे म्हणत होते असं काही झालंच नाही. गवगवा झाला, मग गुन्हा दाखल झाला आणि एका आमदाराच्या भावासह चौघांना अटक झाली.

या चारही घटनांत एक गोष्ट शोधून बघा. कुणी बंदूक काढली आणि त्यामुळे कुणाचा जीव वाचला, असं एकाही ठिकाणी सापडतं का? नाही सापडत. आणि दोन ठिकाणी गोळी झाडणारा अडाणी, बिनप्रशिक्षित नव्हता. आयुष्य शस्त्राबरोबर काढलेला होता. म्हणजे "नीट ट्रेनिंग दिलं की काही होत नाही" हे म्हणणं आपल्या गावातच खोटं ठरलंय. राग आला की ट्रेनिंग विसरतं, बोट विसरत नाही.

जरा बाहेर बघू. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरला आमदार गणपत गायकवाड यांनी पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या केबिनमध्ये गोळ्या झाडल्या. अख्ख्या महाराष्ट्राने ते सीसीटीव्हीत पाहिलं. त्यानंतर सहाच दिवसांनी दहिसरला फेसबुक लाईव्ह चालू असताना अभिषेक घोसाळकर यांना गोळ्या घातल्या. वापरलेलं पिस्तूल मारणाऱ्याचं नव्हतंच, त्याच्या अंगरक्षकाचं होतं. परवाना एकाच्या नावावर, बोट दुसऱ्याचं. मुळशीत जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवणाऱ्या मनोरमा खेडकर यांचा व्हिडिओ २०२४ मध्ये आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवला. तेही परवान्याचंच पिस्तूल. संतोष देशमुख यांच्या खुनानंतर बीडमधले शस्त्र परवाने मोजले, तर बाराशेहून जास्त निघाले. हवेत गोळीबार करणारे, गुन्हे दाखल असलेले अशांनाही परवाने होते. मग शंभराहून जास्त रद्द करावे लागले. एका सरपंचाचा जीव गेल्यावर तपासणी सुरू झाली. ती आधी का होऊ नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. शाळा.

शाळेत गोळीबार म्हटलं की आपण म्हणतो, ते अमेरिकेचं फॅड, आपल्याकडे असलं काही नसतं. नसतं कसं? डिसेंबर २००७, गुडगाव. आठवीतल्या दोघा मुलांनी वर्गमित्राला शाळेत गोळ्या घातल्या. पिस्तूल त्यातल्या एकाच्या बापाचं, घरातून आणलेलं. जानेवारी २०१८, यमुनानगर. बारावीतल्या मुलाने प्राचार्य बाईंना शाळेतच मारलं. रिव्हॉल्व्हर बापाचं, परवान्याचं. जुलै २०२४, बिहारमधलं सुपौल. नर्सरीतलं पोर, वय जेमतेम पाच, दप्तरातून पिस्तूल घेऊन आलं आणि तिसरीतल्या मुलावर झाडलं. तो वाचला. डिसेंबर २०२४, छतरपूर. बारावीच्या मुलाने प्राचार्यांना मारलं. ऑगस्ट २०२५, उत्तराखंडचं काशीपूर. नववीच्या मुलाने जेवणाच्या डब्यात कट्टा लपवून आणला आणि शिक्षकावर गोळी झाडली.

कारणं वाचली तर हादरायला होतं. वर्गातलं भांडण. सर रागावले. बाईंनी मारलं. आपल्या प्रत्येकाच्या शाळेत रोज जे होतं तेच. फरक फक्त एवढाच, की त्या दिवशी त्या मुलाच्या हाताला बंदूक लागली.

आणि दौंडला काय झालं होतं, विसरलात का? जानेवारी २०२५ मध्ये उघड झालेली गोष्ट. एका शाळेतल्या सातवीच्या मुलाने प्रगतिपत्रकावर पालकाची खोटी सही केली. वर्गातल्या मुलीने ते बाईंना सांगितलं. त्या रागातून या पोराने नववीतल्या एका मुलाला शंभर रुपये दिले आणि त्या मुलीवर अत्याचार करून तिला मारून टाक म्हणाला. शंभर रुपयांची सुपारी! नशीब, मोठ्या मुलाने तसलं काही केलं नाही आणि गोष्ट बाहेर आली. मग प्रकरण दाबलं म्हणून मुख्याध्यापक आणि शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. त्या वेळी सगळीकडे चर्चा झाली ती शंभर रुपयांची. मला मात्र तेव्हापासून एकच विचार छळतोय. त्या सातवीतल्या पोराच्या घरी कपाटात कपड्यांच्या घडीखाली पिस्तूल असतं तर? तर त्याला शंभर रुपयेही लागले नसते, दुसरा मुलगाही लागला नसता. मधे कुणीतरी "नको" म्हणणारा उरला नसता.

राग तोच, वय तेच, शाळा तीच. दौंडची मुलगी आज जिवंत आहे, कारण राग आणि मरण यांच्या मधे आणखी एक माणूस होता. बंदूक तो मधला माणूस काढून टाकते. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे.

अमेरिकेचंही हेच. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुक शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. बंदुका मारणाऱ्याच्या आईने कायदेशीर विकत घेतलेल्या होत्या. आधी त्याने आईलाच मारलं. मिशिगनमध्ये २०२१ च्या शाळेतल्या गोळीबारानंतर पंधरा वर्षांच्या मुलाच्या आई-बापालाही दोषी धरून २०२४ मध्ये तुरुंगात पाठवलं, कारण त्याच्या हाताला बंदूक लागेल अशी ठेवली होती. उलट ब्रिटनमध्ये १९९६ ला डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांची बाई गेल्यावर लोक पेटून उठले, आणि पुढच्याच वर्षी खासगी पिस्तुलांवर बंदी आली. अमेरिकेत अजून वाद चालू आहे. तिथं बंदुका इतक्या झाल्यात की परत घ्यायच्या म्हटलं तरी घेता येईनात. आपल्याकडे अजून तितक्या नाहीत. म्हणून बोलायची वेळ हीच आहे. नंतर बोलून उपयोग नाही.

इथं कुणीतरी म्हणणारच, "भाऊ, परवान्यावाले कशाला झोडता? गुन्हे तर गावठी कट्ट्याने होतात." बरोबर आहे. स्थानिक गुन्हे शाखेच्या प्रेसनोटा माझ्या मोबाईलवर येतात. "देशी बनावटीचे पिस्तूल व जिवंत काडतुसे हस्तगत." आरोपीचं वय वाचलं की पोटात गोळा येतो, एकोणीस, वीस, एकवीस. कुणाला भाई व्हायचं असतं, कुणाला नुसतं स्टेटसला फोटो टाकायचा असतो. माल कुठून येतो हे पोलिसांना माहीत आहे. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशात उमर्टी गाव आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथं जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. चांगलं काम केलं, कौतुक केलंच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना हत्याराला किमान दोन वर्षं शिक्षा आहे, ती कोर्टात सिद्धही झाली पाहिजे. नाहीतर पोरगं जामिनावर येतं आणि चौकात त्याचाच फ्लेक्स लागतो.

पण कट्टा आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत हो. कट्टा घेणाऱ्या पोराला त्याची हौस कुठून लागली? गावातला मोठा माणूस सत्काराला कमरेला पिस्तूल लावून येतो, मागे दोन बाउन्सर, पुढे पन्नास मोबाईल. पोरगं बघतं. त्याच्याकडे परवाना मिळवायला ना पैसा, ना ओळख. मग तो उमर्टीचा रस्ता धरतो. वरचा रुबाब बंद केल्याशिवाय खालचा बाजार बंद व्हायचा नाही.

दुसरं म्हणणं जास्त वजनाचं आहे. "आम्ही वस्तीवर राहतो. पोलीस ठाणं लांब, फोन केला तर गाडी यायला तास. चोर आले तर काय करायचं?" ही भीती खरी आहे. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, पोलिसांनी चौकशी करून तसं लिहिलंय, त्याला परवाना मिळावा. सरसकट बंदी घाला असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट बघा. निवडणूक लागली की बऱ्याच परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. महिना-दीड महिना ते तिथंच पडून असतं. पंचायत झाली, विधानसभा झाली, लोकसभा झाली. त्या काळात किती जणांच्या जिवाला धोका झाला? उलट मतदान शांततेत व्हावं म्हणून शस्त्र जमा करतो, म्हणजे बंदूक नसली की शांतता जास्त राहते हे सरकारही मान्य करतं आणि आपणही. मग उरलेल्या वेळी ते खोटं कसं होतं?

नुसती टीका करून भागत नाही, म्हणून काय करावं तेही लिहितो.

पहिलं, बिबट्याचं. बंदुका मागण्याऐवजी शेतीला दिवसा वीज मागा. माणूस रात्री उसात जातो तो हौसेने नाही, महावितरणच्या वेळापत्रकाने. दिवसा आठ तास वीज मिळाली तर निम्मा धोका तिथंच संपतो. पिंजरे वाढवा, वनरक्षक वाढवा, वस्तीवरच्या मुलांना शाळेत न्यायला-आणायला गाडी द्या. या मागण्यांसाठी महामार्ग अडवावा लागला तर मीही येतो.

दुसरं, परवान्यांची झाडाझडती. आपले दोन्ही तालुके पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहेत, परवाना जिल्हाधिकारी देतात. शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव, दौंड, यवत, प्रत्येक पोलीस ठाण्याच्या हद्दीत परवाने किती, त्यातल्या कितींवर गुन्हे आहेत, किती जणांचं कारण आजही टिकून आहे, हे तपासून आकडा जाहीर करा. नावं नकोत, आकडा तर द्याल? ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्यात पोलिसांनी नाकारलेल्या एका परवान्याला मंत्रालयातून अपिलात मंजुरी मिळाल्यावर केवढा गदारोळ झाला. खालचा पोलीस नाही म्हणत असेल तर वरच्याने हो का म्हटलं, हे कागदावर आलं पाहिजे.

तिसरं, कपाट. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षित, कुलूपबंद ठेवीन अशी लेखी हमी परवानाधारक देतो. ती हमी पाळली जाते का, हे घरी जाऊन कोण बघतं? बीट अंमलदाराने वर्षातून एकदा जावं, कपाट बघावं, चावी कुणाकडे असते ते विचारावं. घरात शाळकरी मूल असेल तर दोनदा जावं. गाडीची पीयूसी तपासतो, मग बंदुकीचं कुलूप का नाही?

चौथं, शाळा. दौंडसारखं प्रकरण घडलं की शाळेचं नाव खराब होईल म्हणून दाबायचं, ही सवय मोडा. मुलं मोठ्यांना सांगतात, मोठे ऐकत नाहीत. धमकी दिली असं एखादं मूल म्हणालं तर त्याच दिवशी दोन्ही घरच्यांना बोलवा. आणि पालकांना स्पष्ट विचारा, घरात शस्त्र आहे का? विचारण्यात कसला अपमान? मुलाला दम्याचा त्रास आहे का हे फॉर्मवर विचारताच ना.

पाचवं आपल्यासाठी. लग्नात, वाढदिवसाला, मिरवणुकीत कुणी हवेत गोळी झाडली तर व्हिडिओ काढून टाळ्या वाजवू नका. २०१९ पासून तो स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कमरेला पिस्तूल लावून आलेल्या माणसाला स्टेजवर खुर्ची देणं बंद करा. नारळ-शाल देणाऱ्या मंडळांनी हे एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडेल.

शेजाऱ्याने घर बांधताना जोता दोन फूट पुढं घेतला तर आपण ग्रामपंचायतीत तक्रार करतो. बोअर जवळ मारला तर भांडतो, कारण पाणी सगळ्यांचं असतं. मग त्याने पिस्तूल घेतलं तर "त्याचा त्याचा प्रश्न" असं कसं म्हणतो? त्याचं पोर आणि आपलं पोर एकाच बाकावर बसतं. परवान्यावर नाव एकाचं असतं, गोळी नाव विचारून सुटत नाही.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभा होतातच. पुढच्या सभेत दोन ठराव मांडा. शेतीला दिवसा वीज, आणि आपल्या हद्दीतल्या शस्त्र परवान्यांची फेरतपासणी. ठराव झाला की प्रत मला पाठवा, बातमी मी लावतो. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनीही लिहा, फक्त एका प्रश्नाचं उत्तर आधी द्या: तुमच्या घरात शस्त्र असेल, तर त्याची चावी आत्ता या क्षणी कुठं आहे, आणि ती जागा तुमच्या मुलाला माहीत आहे का?